कंकूचे मौन

आपण ज्याला कुंकू म्हणतो त्यालाच आपले गुजराती शेजारी कंकू म्हणतात. मुलीचे नाव कंकू ठेवावे आणि ऐन तारुण्यात तिच्याच कपाळीचे कुंकू पुसले जावे, यापरते दैवाचे क्रौर्य ते कोणते? पन्नालाल पटेल यांनी १९३६ च्या सुमारास लिहिलेल्या लघुकथेचे नाव ‘कंकू’ असेच आहे. त्याच कथेवरून कांतिलाल राठोड यांनी १९६९ मध्ये त्याच नावाचा गुजराती चित्रपट काढला. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, गुजराती बोलणाऱ्या आणि तरीही गुजराती साहित्याच्या उंबरठ्याशीच थबकणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी हा चित्रपट एकदा तरी अवश्य पाहावा, असे आम्हांस वाटते.

कथा अगदी साधी आहे. कंकू आणि खुमा यांचा संसार नुकता कोठे रांगेला लागतो, तोच खुमा जातो. कंकूच्या पदरी लहानगा हिरा उरतो. तिच्या समाजात नातरे, म्हणजे आपल्याकडील पाट, रूढच आहे. विधवेने दुसरे घर करण्यास कोणाची हरकत नसते. परंतु कंकू मुलासाठी नकार देते आणि शेत राखून त्याला वाढविते. अडीअडचणीस गावचा वाणी-सावकार मलकचंद तिला उधार देतो. वर्षे लोटतात. हिराचे लग्न ठरते, त्यासाठी कंकू पुन्हा मलकचंदच्या दाराशी जाते आणि इतकी वर्षे दोघांनीही मनात दडपून ठेवलेली ओढ त्या एका क्षणी बांध फोडते. कंकूला दिवस जातात. गाव कुजबुजू लागते. नाव सांग, म्हणून तिच्यामागे लकडा लागतो. ती मात्र तोंड उघडीत नाही. अखेर घाईघाईने तिचे नातरे लावून देण्यात येते. ज्या गोष्टीला तिने आयुष्यभर नाही म्हटले, तीच अब्रू झाकण्यासाठी तिच्यावर लादली जाते.

आपल्या कथा-चित्रपटांतील सावकार बहुधा कपटी आणि लंपट असतो. पन्नालालांचा मलकचंद तसा नाही. या कथेत खलपुरुष कोणीच नाही, आणि म्हणूनच ती मनाला अधिक लागते. पन्नालालांना ही माणसे पुस्तकांतून शोधावी लागली नाहीत. गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील मांडली या खेड्यात १९१२ मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंत. ईडरच्या शाळेतील त्यांचे सहाध्यायी उमाशंकर जोशी यांनी पुढे त्यांना लेखनास प्रवृत्त केले. १९८५ चे ज्ञानपीठ पारितोषिक पन्नालालांना लाभले. चित्रपट गाजल्यानंतर त्यांनी ‘कंकू’ची कादंबरीही केली.

राठोड यांनी अमेरिकेत कलेचे व चित्रपटाचे शिक्षण घेतले होते. परदेशी विद्या घेऊन आलेल्या या दिग्दर्शकाने पहिल्याच कथापटासाठी गुजरातच्या मातीतली गोष्ट निवडावी, हे विशेष. कंकूची भूमिका पल्लवी मेहता यांनी, तर मलकचंदची किशोर भट्ट यांनी केली. चित्रपटाला गुजरातीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि शिकागोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पल्लवी मेहतांच्या अभिनयाचा गौरव झाला. याच राठोडांनी पुढे राम नगरकरांच्या ‘रामनगरी’वर अमोल पालेकरांना घेऊन हिंदी चित्रपट काढला. तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नाहीत.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात विधवाविवाहास विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीच कायद्याचे पाठबळ मिळाले. १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध झाला, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे झाले, १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. या सुधारणांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील आपल्या जुन्या घरांत आलवण नेसून आयुष्य काढलेल्या किती आत्या, किती काकू होत्या! कायदा त्यांच्या बाजूने होता. घर मात्र नव्हते. कंकूच्या समाजात तर कायद्याचीही गरज नव्हती, रूढीनेच वाट मोकळी ठेवली होती. तरी दोघींची गत एकच. परवानगी देणारे पुष्कळ भेटले. तुझ्या मनात काय आहे, असे विचारणारे कोणी भेटले नाही. कंकूने लग्न नाकारले तेव्हा गावाने तिला डोक्यावर घेतले. त्या कौतुकाचेच पुढे तिला ओझे झाले.

आमच्या एक आत्याबाई होत्या. पंधराव्या वर्षी माहेरी परतल्या त्या कायमच्या. भावंडांची मुले त्यांनीच वाढविली, आणि त्यांच्या त्यागाचे गोडवे घरात सर्वांनी गायिले. त्यांच्या उतारवयात हा चित्रपट त्यांच्याबरोबर पाहण्याचा योग आला. गाव कंकूला नाव विचारते त्या प्रसंगी शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “सांगून टाकायचं होतं नाव! ती एकटीच का सोसते?” आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “अगं, बाकी सगळं तिचं दुसऱ्यांनीच ठरवलं. एवढं एक तरी तिचं स्वतःचं राहू दे की!”

त्यांनी याआधी स्वतःविषयी कधी अवाक्षर काढले नव्हते, त्यानंतरही काढले नाही. आणि आम्हीही, त्यांच्याच हातची भाकरी खाऊन मोठे झालेल्यांनी, त्यांना कधी काही विचारले नाही. आज त्या नाहीत. ज्यांच्या घरी अशी एखादी वडीलधारी बाई अजून आहे, त्यांनी हा चित्रपट तिच्या शेजारी बसून पाहावा आणि संपल्यावर लगेच उठून जाऊ नये, एवढेच सांगावेसे वाटते.