एक खोरे, दोन गावे

आपल्या घरांत अन्नाचा विचार बहुधा ताटापासून सुरू होतो. काय खावे, केव्हा खावे, काय वर्ज्य करावे, याचे संस्कार लहानपणीच होतात. ते धान्य कोणाच्या जमिनीत पिकले आणि त्यामुळे तेथील गाव कसे घडले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पर्यावरणीय समाजशास्त्राला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शाश्वत अन्नव्यवस्था शिकविताना त्यासाठी एका जुन्या अभ्यासाचा आधार आजही घेतला जातो.

१९४० च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट या मानवशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातील आर्विन व डायनूबा या दोन गावांची तुलना केली. दोहोंच्या शेतमालाचे मूल्य जवळपास सारखे होते. पण डायनूबात सरासरी शेत ५७ एकरांचे, तर आर्विनमध्ये ४९७ एकरांचे. डायनूबात ६२ व्यवसाय चालत, आर्विनमध्ये ३५. डायनूबात चार प्राथमिक शाळा व एक माध्यमिक शाळा होती. आर्विनमध्ये अवघी एक प्राथमिक शाळा. डायनूबाचा कारभार तेथील लोकांनी निवडलेली नगरपालिका पाही. आर्विनला नगरपालिकाच नव्हती. आर्विनमधील कमावत्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक शेतमजूर होते, डायनूबात एक-तृतीयांशाहूनही कमी. लहान शेतकरी गावातच राहतो, गावातच खरेदी करतो, मुलांच्या शाळेसाठी भांडतो. पोटासाठी हंगामागून फिरणाऱ्या मजुराला ती उसंत कोठून मिळणार?

पुढील अभ्यासकांनी या तुलनेवर आक्षेप घेतले. डायनूबा जुने, कालव्याचे पाणी लाभलेले. आर्विन नवे, खोल विहिरींवर विसंबलेले. मग फरक जमिनीच्या आकाराचा, की गावाच्या वयाचा आणि पाण्याचा? विद्यार्थ्यांपुढे हे आक्षेप मांडलेच पाहिजेत. माझ्या मते धड्याचा सर्वांत मोलाचा भाग तोच. खोल विहीर व पंप यांचा खर्च ज्याला झेपतो त्याच्याच हाती जमीन एकवटते, हे सांगली-कोल्हापूरकडील आमच्या शेतकरी वाचकांना वेगळे समजावून सांगावयास नको.

या शंकेचे उत्तर खोऱ्यातील इतर गावांच्या पाहणीतून मिळू शकले असते. अभ्यासाचा तो दुसरा टप्पा आखलेलाही होता. परंतु सरकारी सिंचनाच्या पाण्यासाठी १९०२ च्या कायद्याने घातलेली १६० एकरांची मर्यादा तेव्हा वादात होती आणि गोल्डश्मिट यांचे निष्कर्ष बड्या जमीनमालकांना अडचणीचे होते. विरोध वाढला, आणि सरकारी खात्याने पाहणी सुरू होण्यापूर्वीच ती थांबविली.