नकाशावरचा प्रत्येक लाल ठिपका वणवा नसतो

वणव्यावर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी उपग्रहाचा डेटा डाउनलोड करतात. नासाच्या फर्म्स संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही अशाच डेटावरून वनविभागाला इशारे पाठवते. पण त्यात नेमकं काय मोजलेलं असतं, ते आधी समजून घ्या.

उपग्रह मोजतो ती उष्णता. व्हिअर्स हा सेन्सर जमीन ३७५ मीटरच्या चौकोनांत बघतो. एखादा चौकोन आजूबाजूपेक्षा बराच तापलेला असला की त्याच्या मध्यावर ठिपका पडतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते.

आता गडचांदूर घ्या. इथे जंगलही जवळ आणि सिमेंट कारखानेही. भट्टीची उष्णताही ठिपका म्हणून येऊ शकते. मग ओळखायचं कसं? वणवा जागा बदलतो, भट्टी बदलत नाही. भर पावसाळ्यातही त्याच जागी ठिपके येत असतील, तर संशय घ्या. फर्म्सच्या जुन्या, तपासलेल्या डेटात ‘टाइप’ नावाचा रकाना असतो: ० म्हणजे बहुधा झाडझाडोऱ्याची आग, २ म्हणजे जमिनीवरचा दुसरा स्थिर स्रोत. ताज्या डेटात हा रकाना नसतो, हेही लक्षात ठेवा.

उलटही होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. व्हिअर्सचे उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. सकाळी लावलेला छोटा जाळ तोवर विझला, तर नोंदच होत नाही. तोच पसरला, तर ठिपका दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून पाला झाडून काढणं किंवा झाडाखाली जाळी अंथरणं हे उपाय इशाऱ्यापेक्षा आधी येतात.

ही माहिती गावाकडेच असते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं. तेव्हा ग्रामसभेत बसा, विचारा: आग कधी लागली, कुठे लागली, कोणी विझवली? ती यादी आणि ठिपक्यांची यादी शेजारी ठेवा. खोटे इशारे किती, सुटलेल्या आगी किती, हे दोन्ही मोजा.

एवढे कष्ट कशाला? कारण भट्टीचे ठिपके ‘वणवे’ म्हणून मोजले गेले, तर तुमच्या प्रबंधात दोष मोह वेचणाऱ्यांच्या माथी बसतो.