बलवंतास आवर कोणाचा?

लहानपणी प्रत्येकाने एक मनोराज्य केलेले असते. आपल्या अंगी अचाट बळ येते, बंदुकीची गोळीही शरीरात शिरत नाही, आणि मग गावातील सारे दांडगट, लबाड आणि लुटारू आपण एका सकाळीच सरळ करून टाकतो. या मनोराज्याला अमेरिकेत कागद, रंग आणि बाजारपेठ लाभली, आणि त्यातून अतिमानवांच्या चित्रकथा जन्मास आल्या. मुलाच्या हाती असे पुस्तक दिसले की आपल्या कपाळास आठ्या पडतात. परंतु याच चित्रकथांनी विचारलेला एक प्रश्न थोरांनीही मनावर घ्यावा असा आहे. ज्याला अडविणारे जगात कोणीच उरलेले नाही अशा बलवंताचे, तो सज्जन असला तरी, करावयाचे काय?

मौज अशी की, हा प्रश्न सुपरमॅनच्या जन्माआधीच विचारला गेला होता. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३३ साली स्वतःच्या हस्तमुद्रित मासिकात एक कथा छापली. तिच्यातील अतिमानव हा खलपुरुष होता. मंदीच्या काळात फुकट अन्नासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका दरिद्री माणसाला एक शास्त्रज्ञ घरी नेतो आणि त्याच्यावर गुपचूप एक रसायन वापरून पाहतो. त्या माणसाला दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची आणि ते मन वळविण्याची शक्ती प्राप्त होते. ती हाती येताच त्याला साऱ्या जगाचे स्वामित्व हवेसे वाटते. शेवटी रसायनाचा अंमल ओसरतो आणि तो पुन्हा त्याच रांगेत येऊन उभा राहतो.

पुढे या दोघांनी आपली कल्पना उलटी फिरविली. १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जो सुपरमॅन अवतरला तो दुर्बलांचा कैवारी होता. परंतु त्याची आरंभीची कृत्ये आज वाचताना आपण थोडे थबकतो. एका निरपराध स्त्रीचा देहदंड टळावा म्हणून तो मध्यरात्री राज्यपालांच्या घराचे दार मोडून आत शिरतो. १९३९ सालच्या एका कथेत तो गरिबांची मोडकळीस आलेली वस्ती स्वतःच जमीनदोस्त करतो, कारण त्यानंतर तेथे नवी घरे बांधणे सरकारला भाग पडेल. हेतू उदात्त आहे आणि घरेही बांधली जातात. मात्र त्या वस्तीत राहणाऱ्यांना कोणी विचारले होते काय? वाचक टाळ्या वाजवितो आणि हा प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडून जातो.

१९५४ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. सज्जनांचा जय झालाच पाहिजे आणि शासनसंस्थांविषयी अनादर उत्पन्न होता कामा नये, असे तिचे दंडक होते. साहजिकच शक्तीच्या दुरुपयोगाची चर्चा फार खोल जाऊ शकली नाही. तरीही १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या स्पायडर-मॅनने एक पाऊल पुढे टाकले. अंगी नवे बळ आलेला हा मुलगा बेफिकिरीने एका चोराला निसटू देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या पितृतुल्य काकांचा जीव घेतो. बळाबरोबर जबाबदारी येते, हा धडा तो असा शिकतो. हा लगाम अर्थातच आतला, विवेकाचा आहे. पण विवेकच चुकला तर?

त्या ‘तर’चा विचार १९८५-८६ मध्ये मार्क ग्रुएनवाल्ड यांनी ‘स्क्वाड्रन सुप्रीम’ या बारा भागांच्या कथेत केला. देशाची घडी विसकटली आहे, म्हणून एका वर्षासाठी आम्ही कारभार हाती घेतो, असे तिच्यातील अतिमानव जाहीर करतात. ते शस्त्रे गोळा करतात आणि गुन्हेगारांचे मन पालटणारे यंत्र निर्माण करतात. हे यंत्र समाजाच्या कल्याणासाठी आहे, असा सर्वांचा प्रामाणिक विश्वास असतो. त्यांच्यापैकीच एकजण, स्त्रीने नकार दिला म्हणून, तेच यंत्र तिच्यावर चालवितो आणि तिला आपल्या प्रेमात पाडतो. नाइटहॉक नावाचा त्यांचा जुना सहकारी त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. तुम्ही दुष्ट आहात, असा त्याचा आरोप नाही. तुम्ही उभारलेली ही यंत्रणा तुमच्या पश्चात कोणाच्या हाती जाईल, एवढेच तो विचारतो. या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नसते, आणि ते कळावयास अनेकांचे प्राण खर्ची पडतात.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७ सालच्या ‘वॉचमेन’मध्ये हा विचार अधिक काळवंडतो. अणुप्रयोगातील अपघाताने डॉक्टर मॅनहॅटन हा देवतुल्य होतो. पहिला अणुबाँब घडविणाऱ्या प्रकल्पाचेच नाव त्याने धारण केले आहे. तो क्रूर नाही. मात्र माणसाचे जगणे-मरणे त्याला क्रमाक्रमाने क्षुल्लक वाटू लागते, आणि अमर्याद शक्तीचा हा दोष आपल्या सहसा ध्यानात येत नाही. त्याच कथेतला ओझिमँडियस हा केवळ बुद्धिमान माणूस आहे. अणुयुद्ध टाळण्यासाठी तो न्यूयॉर्कमध्ये लक्षावधींचा संहार घडवितो आणि तो हिशेब त्याला बिनचूक वाटतो. मरणाऱ्यांचे मत त्या हिशेबात कोठेच धरलेले नसते.

मूर यांच्याच ‘मिरॅकलमॅन’मध्ये तर अतिमानव खरोखरीच भूतलावर स्वर्ग आणतात. दारिद्र्य संपते, युद्धे थांबतात. परंतु नायकाची पत्नी लिझ हिला जेव्हा तो दैवी देह देऊ करतो, तेव्हा ती तो नाकारते. सर्व काही लाभलेल्या त्या नायकाच्या मनात कथेच्या अखेरीस तिचा नकार रुतून राहतो.

आपल्या पुराणांतील भस्मासुर आपल्याला परिचयाचा आहे. तो असुर असल्यामुळे त्याचा नाश झाला की आपण निश्चिंत होतो. या चित्रकथा मात्र आपल्याला निश्चिंत होऊ देत नाहीत, कारण त्यांतील वरदान सत्प्रवृत्त माणसाला मिळालेले असते. ज्याला नकार देता येत नाही तो उपकारही अखेर हुकूमच होय, हे त्या सांगतात. म्हणून बलवंताचा स्वभाव पाहावाच. पण त्याहूनही आधी पाहावयाचे ते हे की, त्याला ‘थांब’ म्हणण्याची सोय दुबळ्यांच्या हाती आहे की नाही.

सुपरमॅनच्या जनकांचीच हकीकत यावर बोलकी आहे. सीगल आणि शूस्टर यांनी जगातील सर्वांत बलवान पुरुष निर्माण केला आणि १९३८ साली अवघ्या १३० डॉलर्सना त्याचे सर्व हक्क विकून टाकले. त्याच्या नावावर इतरांनी अमाप पैसा मिळविला. हे दोघे मात्र उतारवयात हलाखीत राहिले. अखेरीस १९७५ साली त्यांना निवृत्तिवेतन मिळाले आणि सुपरमॅनचे जनक म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. हा न्याय त्यांना आकाशातून उडत आलेल्या कोणा वीराने मिळवून दिला नाही. सीगल यांनी स्वतः लोकांपुढे गाऱ्हाणे मांडले, सहव्यवसायी चित्रकारांनी ते उचलून धरले, वृत्तपत्रांनी त्याला जागा दिली, आणि एका बलाढ्य धंद्याला सामान्य माणसांच्या बोलण्याची दखल घ्यावी लागली.