बिल पाहणारे आणि उपचार पाहणारे

अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं मी इथे पुण्यात बसून भरते. सीएमएस-१५०० हा फॉर्म दिवसभर समोर असतो. रकाना २४-जे मध्ये उपचार करणाऱ्याचा एनपीआय क्रमांक जातो, त्याच ओळीत उपचाराचा कोड. ४५ मिनिटांच्या मानसोपचाराला ९०८३४. मिनिटं खरंच ४५ झाली का, खुर्चीत बसलेल्या माणसाकडे परवाना होता का, हे मला इथून दिसत नाही. सरकारला खोटी बिलं लावल्याचे खटले पुष्कळदा याच मुद्द्यावर अडतात.

यादवी युद्धात लष्कराच्या गळ्यात निकृष्ट माल मारणाऱ्या ठेकेदारांना चाप बसावा म्हणून १८६३ मध्ये तिथे फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट आला. सामान्य माणूसही सरकारच्या वतीने दावा लावू शकतो. जिंकल्यास नुकसानीच्या तिप्पट वसुली होते आणि त्यातला साधारण १५ ते ३० टक्के वाटा त्याला मिळतो. पण फसवणुकीचा आरोप मोघम चालत नाही. कुणी, केव्हा, कोणत्या बिलात, काय खोटं लिहिलं ते सुरुवातीलाच मांडावं लागतं. एखाद्या नर्सने डोळ्यांदेखत गैरप्रकार पाहिलेला असतो, पण बिल तिच्या हाती कधीच येत नाही. काही अपील न्यायालयं तरीही प्रत्यक्ष बिलाचा तपशील मागतात, तर काहींना बिल गेलंच असणार असं दाखवणारा भक्कम आधार पुरतो. नर्सचा दावा टिकणार की नाही हे तो कुठल्या राज्यात दाखल होतो यावर ठरावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

परवान्याचा प्रश्न एका खटल्यात ठळकपणे पुढे आला. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहरातल्या एका केंद्रात एका किशोरवयीन मुलीवर मानसोपचार चालू होते. खर्च मेडिकेड या सरकारी योजनेतून व्हायचा. औषधाची उलट प्रतिक्रिया आली, झटके आले आणि २००९ मध्ये ती गेली. नंतर तिथल्याच एका समुपदेशकाकडून तिच्या आई आणि सावत्र वडिलांना कळलं, की केंद्रातल्या फारच थोड्या लोकांकडे परवाना आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून औषधं लिहून देणारी व्यक्ती प्रत्यक्षात नर्स होती आणि देखरेखीशिवाय औषधं लिहिण्याचा तिला अधिकार नव्हता. बिलं मात्र योग्य पात्रतेच्या माणसांनी उपचार केल्यासारखी जात होती.

आईवडील केंद्राच्या मालक कंपनीविरुद्ध, युनिव्हर्सल हेल्थ सर्व्हिसेसविरुद्ध, कोर्टात गेले. तो एस्कोबार खटला. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की पात्रतेची महत्त्वाची त्रुटी लपवून दिलेलं बिलही खोटं ठरू शकतं. मात्र ती त्रुटी पैसे देण्याच्या निर्णयावर परिणाम करण्याइतकी गंभीर होती, हे दाखवायला हवं, आणि ही कसोटी कडक आहे. नियम मोडलाय हे ठाऊक असूनही सरकारने बिल चुकतं केलं असेल, तर तो मुद्दा फार मोलाचा नव्हता, याचा तो जोरदार पुरावा ठरतो.

बचाव पक्षाचे वकील आता याच वाक्यावर भर देतात. बिलं कशी मंजूर होतात ते रोज पाहत असल्यामुळे मला हा युक्तिवाद पटत नाही. बहुतेक बिलं संगणक मंजूर करतो, आणि एखाद्या सरकारी खात्यात तक्रारीची फाईल पडून असली, म्हणून पैसे देणाऱ्याला सत्य कळलं असं होत नाही. एस्कोबार खटला सर्वोच्च न्यायालयाकडून परत आल्यावर अपील न्यायालयाने हाच फरक केला. आरोप कानावर येणं वेगळं आणि नियम मोडल्याचं प्रत्यक्ष ठाऊक असणं वेगळं, असं म्हणत त्याने आईवडिलांचा दावा पुढे चालू दिला.