ऑइल जाड, म्हणजे इंजिन सुरक्षित?

“आपल्याकडे ऊन फार. पातळ ऑइल टिकत नाही, वीस-पन्नास घालू या.” गॅरेजात हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. कार्बोरेटरच्या काळातल्या इंजिनांवर ज्याचा हात बसला, त्या मेस्त्रीचा २०डब्ल्यू-५० वर विश्वास असणारच. त्या इंजिनांना ते मानवतही होतं. पण ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी घडवलेल्या आजच्या कारमध्ये तेच ओतणं चुकीचं आहे.

डब्यावरचे आकडे आधी नीट वाचू या. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. पहिला आकडा ऑइलची थंडीतली कसोटी सांगतो. गारठलेलं इंजिन फिरू देण्याची ही चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांवर, तर २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर होते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा किती उरतो ते दाखवतो.

महाराष्ट्रात पारा कधी उणे पंधराला जात नाही, मग पहिल्या आकड्याचं इथे काय काम? हा प्रश्न रास्त वाटतो, पण दाटपणा फक्त बर्फातच जाणवतो असं नाही. ४० अंशांवर, म्हणजे मे महिन्यात चंद्रपुरात उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा, २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या साधारण दुप्पट किंवा त्याहून दाट असतं. हातावर घेतलं तर पाण्यासारखं वाटणारं ०डब्ल्यू-२० देखील या तापमानाला, इंजिन पूर्ण तापल्यावर असतं त्याच्या चार-पाचपट दाट असतं. सेल्फ मारताना ऑइल फार पातळ असण्याची भीती नसतेच. भीती असते ते वर कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचण्याची, कारण धातूवर धातू घासण्याचा धोका त्या पहिल्या क्षणांत मोठा असतो.

बाहेरच्या उन्हाने चालत्या गाडीतलं ऑइल पातळ पडतं, हाही समज खरा नाही. इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास राहतं, मग बाहेर २५ अंश असोत की ४५. भरलेली गाडी घाटात सतत ओढायची असेल तर ताण वाढतो, हे मान्य. त्यासाठीच काही कंपन्या पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेड देतात. निवड त्यातूनच करावी.

“जाड ऑइलने प्रेशर वाढतं,” असंही सांगतात. वाढतं खरं, पण ते वाट अडल्यामुळे. प्रेशर वाढलं म्हणजे बेअरिंगला जास्त ऑइल मिळालं, असं होत नाही. उलट ऑइल फार दाट असेल तर फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. आजच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा बारीक वाटांतून येणाऱ्या ऑइलच्याच दाबावर चालते. दाट ऑइलने तिचा प्रतिसाद मंदावतो. अॅव्हरेजही घटतं.

सिंथेटिक म्हणजे पातळ, हाही घोटाळा आहे. सिंथेटिक हा ऑइलचा प्रकार झाला, दाटपणा वेगळा. सिंथेटिक २०डब्ल्यू-५० सुद्धा मिळतं.

आकडा जुळला की काम झालं, असंही नाही. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर राख कमी सोडणारंच ऑइल लागतं. तिथे जुन्या दर्जाचं ५डब्ल्यू-३० चालत नाही. त्याची राख फिल्टरमध्ये साचत जाते आणि ती जळून जात नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून त्यांना जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं ऑइल हवं. कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५० आणि अॅक्टिवाला १०डब्ल्यू-३० सांगितलेलं आहे, ते त्या त्या इंजिनाच्या रचनेमुळे.

पुढच्या सर्व्हिसिंगला जाण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा आणि ग्रेड व दर्जा दोन्ही लिहून घ्या. सुट्ट्या ड्रममधलं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा आणि ओतण्याआधी त्यावरचे आकडे स्वतः वाचा.