'होल्ड ऑफ' म्हणजे माल धरून ठेवा नव्हे! धंद्यात लागणारी इंग्रजीची जोडक्रियापदं



परवाच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणालो होतो की एका अडीच अक्षरी इंग्रजी शब्दाने माझे सदतीस हजार रुपये घालवले. तो किस्सा आज नीट सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण आता बाहेरच्या कंपन्यांशी मेलवर बोलायला लागले आहेत.

तेव्हा मी कापडी पिशव्या शिवून द्यायचो. घरात तीन मशिनी, दोन ताई कामाला. एका कंपनीची १,२०० पिशव्यांची ऑर्डर मिळाली, सहाशे-सहाशेच्या दोन लॉटमध्ये. पहिला लॉट गेला, पैसेही वेळेवर आले. मग त्यांचा मेल आला: 'प्लीज होल्ड ऑफ ऑन द सेकंड लॉट.' आता होल्ड म्हणजे धरणे, हे मला शाळेपासून पाठ. मी समजलो, माल तयार करून धरून ठेवा, आम्ही सांगू तेव्हा पाठवा. रात्री जागून सहाशे पिशव्या शिवल्या, लोगो छापून घेतला आणि मोठ्या खुशीत फोन लावला, "साहेब, माल रेडी आहे!" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अहो, आम्ही तर तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. लोगो बदलतोय आमचा."

'होल्ड ऑफ' म्हणजे थांबा, तूर्तास करू नका. कापड, छपाई, शिलाई मिळून नगामागे ६२ रुपये खर्च झाला होता. सहाशे नगांचे ३७,२०० रुपये पाण्यात. भांडायलाही तोंड नव्हतं, मेल माझ्याच इनबॉक्समध्ये होता.

बघा, त्या मेलमध्ये एकही अवघड शब्द नव्हता. होल्ड माहीत, ऑफ माहीत, सेकंड माहीत. घोटाळा झाला तो दोन ओळखीचे शब्द एकत्र आल्यावर. असं क्रियापद आणि त्याला चिकटलेला ऑफ, आऊट, अप, थ्रू असा छोटा शब्द मिळून जे नवीन क्रियापद बनतं, त्याला इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव तसं फार जुनं नाही. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकामुळे ते रूढ झालं. म्हणजे इंग्रज लोक शेकडो वर्षं ही क्रियापदं बिनधास्त वापरत होते, बारसं मात्र मागाहून झालं.

आणि हे प्रकरण आपल्याला परकं आहे असंही नाही. 'नाव' हा एक शब्द घ्या. मुलाने नाव काढलं म्हणजे कौतुक झालं. नाव घालवलं म्हणजे अब्रू गेली. नावं ठेवली म्हणजे दोष काढले. आणि लग्नात नवरीला म्हणतात, "नाव घे", तेव्हा तिने उखाणा घ्यायचा असतो. बाहेरगावच्या माणसाने शब्दकोशात 'नाव' आणि 'ठेवणे' वेगवेगळे बघितले तर त्याला काय कळणार? आपण हे तोडून शिकलो नाही, आख्खं ऐकून शिकलो. इंग्रजीचंही तसंच करायचं. 'होल्ड ऑफ' हा एकच शब्द आहे असं समजून पाठ करायचा.

आता धंद्यात सगळ्यात जास्त फसवणारा शब्द कोणता म्हणाल, तर मी 'थ्रू' म्हणेन. थ्रू म्हणजे आरपार, असं आपण धरून चालतो. 'द पेमेंट वेंट थ्रू' म्हणजे पेमेंट झालं, इथपर्यंत ठीक. पण 'द डील फेल थ्रू' हे वाचून सौदा पार पडला असं समजून पेढे वाटू नका! 'फॉल थ्रू' म्हणजे फिसकटलं, बारगळलं. 'फॉलो थ्रू' म्हणजे हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत नेणं. आणि फोनवर कुणी म्हणालं, 'आय विल पुट यू थ्रू टू अकाउंट्स', तर ती व्यक्ती तुमचा फोन अकाउंट्सला जोडून देतेय, फोन ठेवू नका. शब्द एक, आणि गेलं, फिसकटलं, निभावलं, जोडलं असे चार अर्थ.

'ऑफ'चंही असंच. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. मीटिंग पुट ऑफ झाली तर तयारी ठेवा, कॉल ऑफ झाली तर गाडीचं बुकिंग रद्द करा. 'राइट ऑफ' म्हणजे येणं बुडीत खाती टाकणे. एवढं वाचून कुणाला वाटेल की ऑफ आला म्हणजे वाईटच. पण 'पे ऑफ द लोन' म्हणजे कर्ज पूर्ण फेडणे, आणि 'द बिझनेस टुक ऑफ' म्हणजे धंद्याने जोर धरला. म्हणून छोट्या शब्दावरून अंदाज बांधू नका.

बाकीचे झटपट सांगतो. 'बॅक आऊट' म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं ऐनवेळी हात वर करणे. 'कट बॅक' म्हणजे हात आखडता घेणे. 'टर्न डाऊन' म्हणजे नकार देणे. 'टर्न अप' मात्र त्याच्या उलट नाही, त्याचा अर्थ हजर होणे. 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. 'रन आऊट ऑफ' म्हणजे संपणे. वी हॅव रन आऊट ऑफ स्टॉक, म्हणजे माल संपलाय, इथे क्रिकेटचा काही संबंध नाही. 'मार्क अप' म्हणजे किंमत चढवणे, 'मार्क डाऊन' म्हणजे उतरवणे. 'नॉक ऑफ' म्हणजे किमतीतून काही रक्कम कमी करणे, पण तुमच्या मालालाच कुणी 'नॉकऑफ' म्हणालं तर ते त्याला नक्कल म्हणतायत, तेव्हा हसू नका.

व्याकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. 'कॉल ऑफ द मीटिंग' आणि 'कॉल द मीटिंग ऑफ', दोन्ही बरोबर. पण मीटिंगऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'कॉल इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' कुणी म्हणत नाही.

वाक्प्रचारांबद्दलही थोडं. 'बॉलपार्क फिगर' मागितली तर अंदाजे आकडा सांगायचा, पक्कं कोटेशन नव्हे. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान. त्यांच्या बोलण्यात बेसबॉल घुसलाय तसा इंग्रजांच्या बोलण्यात क्रिकेट, आणि 'बॅकफूटवर गेले' तर आपल्या मराठी बातम्यांतही रोजचं झालंय. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात, 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात. हिशोबात तोटा लाल शाईने लिहायची पद्धत होती, त्यावरून हे आलं. इथे 'ब्लॅक'चा काळ्या पैशाशी संबंध जोडू नका, नाहीतर चांगला चाललेला ग्राहक उगाच संशयाने बघाल.

गंमत म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही यात अडकतात. 'टेबल' हे क्रियापद ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणे या अर्थाने वापरतात आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे या अर्थाने. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाला, आणि नंतर लक्षात आलं की दोघांना एकच हवं होतं! हे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. आपलंही एक उदाहरण आहे. 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, हे आपल्याकडे चालतं. पण परदेशातल्या ग्राहकाच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणं. त्याला सरळ 'प्लीज रिप्लाय' लिहा.

मग हे शिकायचं कसं? बाजारात 'हजार फ्रेझल व्हर्ब' छापाची पुस्तकं मिळतात. मीही एक आणलं होतं, बीच्या पुढे गेलो नाही. त्यापेक्षा स्वतःचा मोबाईल उघडा. गेल्या दोन-तीन महिन्यांचे ग्राहकांचे, सप्लायरचे, बँकेचे इंग्रजी मेसेज आणि मेल वाचा. जिथे शब्द ओळखीचे पण अर्थ धूसर, ते आख्खं वाक्य वहीत उतरवा. त्याखाली मराठी अर्थ, आणि त्याखाली तुमच्या धंद्यातलं एक वाक्य. चकलीचा धंदा असेल तर चकलीचंच वाक्य करा. वीस-पंचवीस वाक्यं झाली की लक्षात येईल, तेच ते शब्द फिरून फिरून येतायत.

स्वतः लिहिताना मात्र ही क्रियापदं वापरायची घाई नको. रद्द असेल तर 'कॅन्सल', पुढे ढकललं असेल तर 'पोस्टपोन', थांबवलं असेल तर 'स्टॉप'. साधं लिहिल्याने कुणी तुम्हाला कमी लेखत नाही. ही क्रियापदं आधी समजण्यासाठी शिकायची, तोंडात नंतर येतात.

आणि शंका आली की विचारा. त्या दिवशी मी एवढंच लिहायला हवं होतं: 'जस्ट टू कन्फर्म, शुड वी स्टॉप प्रॉडक्शन ऑफ द सेकंड लॉट?' तेव्हा मला वाटलं, विचारलं तर याला इंग्रजी येत नाही असं म्हणतील. आता मी प्रत्येक ऑर्डरला असं वाक्य पाठवतो, आणि आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

जाता जाता हा मेसेज वाचा, पुढचं वाचण्याआधी स्वतः अर्थ लावून बघा: 'द डील विथ अवर ओल्ड सप्लायर फेल थ्रू, सो वी वुड लाइक टू टेक यू ऑन. कॅन यू नॉक समथिंग ऑफ द प्राइस? इफ नॉट, वी मे हॅव टू कट बॅक ऑन द क्वांटिटी. प्लीज गेट बॅक टू मी बाय फ्रायडे.'

जुन्या सप्लायरशी ठरलेलं फिसकटलंय, तुम्हाला काम द्यायचंय, भाव थोडा कमी होईल का, नाहीतर नग कमी घ्यावे लागतील, शुक्रवारपर्यंत कळवा. आता पहिलं वाक्य परत बघा. त्यांचा सप्लायर गेलाय, म्हणजे तुमच्याइतकीच त्यांनाही गरज आहे. भाव लगेच पाडू नका, आधी किती नग हवेत ते विचारा.