चढउतारांची मापके : कोणते काय सांगते?

• इंडिया विक्स : एनएसईने २००८मध्ये सुरू केला. निफ्टी ऑप्शनच्या किमतींवरून पुढील ३० दिवसांतला अपेक्षित चढउतार, वार्षिक टक्क्यांत. आकडा १५ असेल तर महिन्याला साधारण ४.३ टक्के (१५ भागिले १२चे वर्गमूळ). तेजी की मंदी, हे मात्र त्याला विचारू नये. मार्च २०२०मध्ये ८०च्या वर.

• एटीआर : वेल्स वाइल्डर, १९७८. रोजच्या हालचालीची सरासरी, सहसा १४ दिवसांची.

• बोलिंजर पट्टे : २० दिवसांची सरासरी, वर-खाली दोन प्रमाण विचलने.

• एकत्र वाचताना : विक्स पुढचे पाहतो, उरलेले दोन मागचे. विक्स चढा, एटीआर कमी : बहुधा निवडणूक निकाल वा अर्थसंकल्पाची प्रतीक्षा. विक्स उतरला, एटीआर चढाच : घटना सरली, पण सरासरीत तिचे दिवस अजून आहेत.